पुवाचं नाव

त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते ओपीडीबाहेरच्या बाकावर. नीट बसलेले नव्हते. डाव्या कुशीकडे कलून, डावा तळहात बरगड्यांखाली दाबून धरून भिंतीला टेकले होते आणि श्वास अर्धाच घेत होते. पुरता श्वास घेतला की कळ येते, मग माणूस नकळत श्वास तोडायला शिकतो. २०१६ चा जुलै होता. पावसाने धरलं होतं, रांगेत तापाचे चाळीसेक पेशंट होते. मी सिस्टरांना म्हणाले, "यांना आधी आत घ्या."

वय अठ्ठेचाळीस. सिंधुदुर्गातल्या एका वाडीतले भातशेतकरी. आठ वर्षांचा मधुमेह. गोळ्या चालू, पण आठवण झाली की घ्यायच्या अशा. तेवीस दिवस ताप. वाडीत सगळे त्यांना तात्या म्हणत, दोन दिवसांत आम्हीही तेच म्हणू लागलो.

"पयलो खांदो दुखाक लागलो, डॉक्टरांनू," ते म्हणाले. "मगे ताप."

खांद्याला तेल चोळून झालं होतं, शेकून झालं होतं, एक्स-रे काढून हाड ठीक असल्याचं कळलं होतं. ताप हटेना म्हणून मलेरिया, डेंग्यू, लेप्टो, टायफॉइड या सगळ्या तपासण्या झाल्या. सगळ्या कोऱ्या. छातीच्या फोटोत डावीकडे तळाशी थोडं पाणी दिसलं आणि क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या घेऊन अकरा दिवस झाले होते. ज्यांनी त्या दिल्या त्यांना मी दोष देत नाही. ताप, उतरलेलं वजन आणि छातीत पाणी यांची बेरीज आपल्याकडे बहुतेक वेळा क्षय हीच येते. पण डावा खांदा त्या बेरजेत बसत नव्हता.

छाती आणि पोट यांच्यामध्ये जो पडदा आहे, त्याची नस मानेतून येते. त्याच मानेतून खांद्याच्या कातडीचीही येते. म्हणून पडद्याला खालून काही टोचू लागलं, की दुखणं खांद्यावर जाऊन बसतं. उजव्या पडद्याखाली यकृत असतं. डाव्या पडद्याखाली, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आडोशाला, जेमतेम दीडशे ग्रॅमची पाणथरी.

पाणथरी हा शब्द आता ऐकू येत नाही. आम्ही डॉक्टर प्लीहा लिहितो, बोलताना स्प्लीन म्हणतो आणि पेशंटला तर यातलं काहीच कळत नाही. माझ्या आजीच्या तोंडी मात्र तो रोजचा होता. हिवतापाने पाणथरी वाढलेली पोरं तिने पाहिली होती. हातपाय काड्या आणि पोट घागर. हिवताप कमी झाला तसा शब्दही मागे पडला. तात्यांच्या बायकोला मी सांगितलं, "वहिनी, पाणथरीत काहीतरी आहे असं वाटतंय," तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांकाय पाणथरी होती." त्यांच्या लेखी पाणथरी म्हणजे अवयव नव्हे, आजारच.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात पोटातल्या विद्रधींची जागावार यादी आहे. कुठे झाला तर काय होतं, तेही तिथे एकेका शब्दात आहे. प्लीहेत झाला तर श्वास अडतो, असं तिथे म्हटलंय. मी हे बऱ्याच उशिरा वाचलं आणि बाकावर अर्धा श्वास घेणारा माणूसच डोळ्यांपुढे उभा राहिला. सोनोग्राफी नसताना कुणीतरी हे नुसतं शेजारी बसून पाहिलेलं आहे.

डाव्या बरगडीच्या कडेखाली बोटं ठेवली आणि तात्यांना श्वास घ्यायला सांगितलं. काहीतरी बोटांना येऊन टेकलं आणि त्यांनी माझं मनगट धरलं. पुस्तकात ताप, डाव्या कुशीतलं दुखणं आणि तिथे हाताला लागणारा गोळा अशी त्रयी असते. तिन्ही गोष्टी एकत्र फार थोड्यांत सापडतात; तात्यांच्यात सापडल्या, कारण तोवर तेवीस दिवस उलटले होते.

सोनोग्राफी करणारे आमचे सहकारी सहसा बोलत नाहीत. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. पाणथरी दुपटीने वाढलेली. वरच्या टोकाला सात सेंटिमीटरचं गळू, आत दाट, हलणारा ऐवज. आणि उरलेल्या भागात मधाच्या पोळ्यासारखी बारीक बारीक छिद्रं. प्रत्येक छिद्र म्हणजे एक छोटं गळू. यकृतातही दोन होती. साखर ३८६.

त्या पडद्याकडे पाहताना मला १९९८ आठवलं.

तेव्हा मी नुकती इथे आले होते. सर्जन म्हणून हात तयार होता आणि त्या हातावर भरवसाही. सव्वीस वर्षांचा एक तरुण, चिरेखाणीवर काम करणारा, असाच तापाने फणफणलेला आला. पाणथरीत पू. त्या काळी माझ्या मनात त्याला उत्तर एकच होतं, पाणथरी काढून टाकायची. पुवाने भरलेली पिशवी पोटात ठेवायची कशाला? भोवतीचं सगळं चिकटलेलं होतं, पोटाच्या पडद्यापासून ती सोडवताना दीड तास गेला, दोन बाटल्या रक्त लागलं. पण निघाली. अख्खी. टेबलावरच्या ताटलीत ती ठेवली तेव्हा माझ्या शिक्षकांना दाखवावी असं वाटलं होतं. मग मी ती फॉर्मालिनच्या डब्यात टाकली आणि तपासणीला पाठवली.

डब्यात टाकण्याआधी पुवाचा एक थेंबही मी बाजूला काढला नाही.

फॉर्मालिनमध्ये पेशी टिकतात, जंतू मरतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्याला एवढंच सांगता आलं की हे गळू आहे, क्षयाच्या गाठी नाहीत, कर्करोग नाही. मला तेवढं पुरलं. पू होता, पू काढला. कुठल्या जंतूचा पू, हा प्रश्न मला पडलाच नाही. सात दिवस अँटिबायोटिक दिलं, दहाव्या दिवशी टाके काढले, त्याला घरी पाठवलं. जाताना त्याने माझ्या आणि सिस्टरांच्या पाया पडायचा प्रयत्न केला. त्याची आई हसत होती.

चार महिन्यांनी तो परत आला. ताप, गुडघा सुजलेला, रक्तदाब लागत नव्हता. तिसऱ्या दिवशी पहाटे गेला. मृत्यूच्या दाखल्यावर मी रक्तातला जंतुसंसर्ग असं लिहिलं. मनात मात्र कारण पक्कं केलं होतं: पाणथरी नसलेल्या माणसाला होतो तो संसर्ग. अमेरिकेत १९५२ साली किंग आणि शूमेकर यांनी पाणथरी काढलेल्या तान्ह्या मुलांमध्ये तो पहिल्यांदा नोंदवला. रक्तात शिरलेले आवरणवाले जंतू, त्यातही न्यूमोकॉकस, गाळून काढायचं काम पाणथरी करते. ती नसेल तर सकाळी कणकण आलेला माणूस रात्रीपर्यंत जाऊ शकतो. त्यासाठी लस असते. मला ते माहीत होतं. मी ती दिली नव्हती. ही चूक मी माझ्या नावावर लिहून घेतली आणि तिच्यासोबत अकरा-बारा वर्षं काढली.

मग एका परिषदेत किनारपट्टीतल्या एका आजारावर भाषण ऐकलं. मेलिऑइडोसिस. भाषण देणारे कर्नाटकातले होते. मधुमेही माणूस, चिखलपाण्यात काम, पावसाळ्यात ताप, पाणथरीत आणि यकृतात गळवं, सुजलेला सांधा, क्षयाचे उपचार करून गुण नाही. आणि पुरेसे दिवस औषध दिलं नाही तर काही महिन्यांनी उलटतो. सुजलेला सांधा हे शब्द आले तसं माझं लिहिणं थांबलं. त्या तरुणाची साखर दाखल झाला तेव्हा वाढलेली होती. तापामुळे असेल म्हणून मी पुन्हा तपासलीही नव्हती.

तो मेलिऑइडोसिसच होता असं मी म्हणू शकत नाही. न्यूमोकॉकस असेल. दुसरंही काही असेल. ते कळायची एकच जागा होती, त्या ताटलीतला पू. तो मी स्वतःच्या हाताने फॉर्मालिनमध्ये बुडवला होता.

म्हणून तात्यांच्या वेळी ऑपरेशन थिएटरमध्ये सुईच्याही आधी ट्रेमध्ये ठेवल्या गेल्या त्या दोन निर्जंतुक बाटल्या. त्यांवर नाव, तारीख, वेळ आणि 'डावी बाजू, प्लीहा' हे मी स्वतः लिहिलं.

पाणथरीत सुई घालायला सर्जन घाबरतात. घाबरायलाच हवं. यकृत सुई सहन करतं, पाणथरी म्हणजे रक्ताने भिजलेला स्पंज. तिच्यावर एकीकडे फुप्फुसाच्या आवरणाची घडी, खाली मोठं आतडं, मागे मूत्रपिंड. चुकलं तर पू छातीत जातो, आतड्याला भोक पडतं किंवा रक्त थांबत नाही. पावसाळ्यात डेंग्यूने प्लेटलेट उतरलेल्या असतात, म्हणून त्या आधी पाहायच्या. गळवासारखं दिसणारं हे हायडेटिड कृमीच्या गाठीचं पाणी तर नाही ना, हेही. देशावर मेंढपाळांमध्ये मी ते पाहिलेलं आहे आणि नकळत त्यात सुई घातली तर माणूस टेबलावरच कोसळू शकतो. हृदयाच्या झडपेवर जंतूंचा थर बसून त्याचे तुकडे रक्तातून पाणथरीत येऊन अडकतात, म्हणून इकोही करायचा. तात्यांचा इको चांगला आला. रक्ताची बाटली राखून ठेवली, भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलावून ठेवलं. नळी फसली तर पोट उघडायची तयारी ठेवूनच नळी घालायची.

जागा बधिर केली. तात्यांना सांगितलं, "मी थांबा म्हटलं की श्वास धरायचा. तेवढं एकच काम तुमचं."

"धरतंय," ते म्हणाले.

सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईची रेघ पांढरी दिसते. दोन बरगड्यांमधून, खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून, कारण वरच्या बरगडीच्या खालून रक्तवाहिनी जाते. पाणथरीचा चांगला भाग जितका कमी ओलांडावा लागेल तितकं बरं. सुई गळवाच्या भिंतीला टेकली, भिंत आत दबली, मग एकदम सुटली. सिरिंजमध्ये आला तो दाट, पिवळसर करडा, वास नसलेला पू. पहिले पाच मिली बाटलीत. पुढचे पाच दुसऱ्या बाटलीत. त्यानंतरच सुईतून तार, तारेवरून वाट रुंद करणारी कांडी आणि मग नळी. तार काढली की टोकाशी डुकराच्या शेपटीसारखी गुंडाळी होणारी, म्हणजे सहजी निसटत नाही. एकंदर १८० मिली निघाला. तात्यांनी एकदाही हू का चू केलं नाही. सगळं झाल्यावर त्यांनी पुरता श्वास घेतला, इतका लांब की भूलतज्ज्ञांनी मान वळवून पाहिलं.

बारीक गळवांना मी हात लावला नाही. ती औषधावर सोडायची असतात. हे पटायला सर्जनला वेळ लागतो. दिसतंय ते काढावं, ही आमची खोड.

बाटल्या घेऊन मी स्वतः लॅबमध्ये गेले. तिथल्या मॅडमना म्हणाले, "दोन दिवसांत काही उगवलं नाही तरी प्लेटा टाकू नका. आणि उगवलं, तर नुसतं स्यूडोमोनास लिहून मोकळ्या होऊ नका." त्या थोड्या दुखावल्या. हे त्यांच्या कामात नाक खुपसणं होतं, मला कळत होतं. पण हा जंतू स्यूडोमोनासच्याच नावाखाली लपतो आणि रिपोर्टात तसा शिक्का बसला की डॉक्टरही तो दूषित नमुना समजून बाजूला ठेवतात. शिवाय लॅबमधल्या माणसांनाही त्यापासून जपावं लागतं. उघड्यावर प्लेट हुंगायची जुनी सवय इथे महागात पडते. हे सांगितल्यावर त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्याकडून सगळं लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. पहिल्यांदा त्या जंतूचं वर्णन करत होत्या, नाव घेत नव्हत्या. काचपट्टीवर दोन्ही टोकांना रंग घेतलेले, मधे फिकट, सेफ्टी पिनेसारखे. प्लेटवर वाढ कोरडी, सुरकुतायला लागलेली. जेंटामायसिनला दाद देत नाही, पॉलिमिक्सिनला देत नाही, आणि ऑगमेंटिनला मात्र देतो. "मॅडम, असं उलटं कोण वागतं?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात भीती आणि आनंद दोन्ही होते. नमुना पुढे मोठ्या प्रयोगशाळेत गेला आणि तिथून पक्कं नाव आलं: बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलिआय.

हे नाव अंगावर येतं, पण त्याची गोष्ट परकी नाही. १९११ साली रंगूनच्या रुग्णालयात शवविच्छेदन करताना आल्फ्रेड व्हिटमोर आणि त्यांचे सहायक सी. एस. कृष्णस्वामी यांना काही प्रेतांच्या फुप्फुसांत, यकृतांत, पाणथरींत वेगळीच गळवं दिसली. प्रेतं गरिबांची, बेवारशांची, मॉर्फियाच्या आहारी गेलेल्यांची. १९१२ साली त्यांनी ते 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये छापलं. म्हणजे वर्णन आपल्याच मासिकात झालेलं. तरी भारतातला पहिला रुग्ण नोंदला जायला १९९१ उजाडलं, आणि तो मुंबईतला एक लहान मुलगा होता. मधली ऐंशी वर्षं हा जंतू आपल्या भातखाचरांत नव्हता, असं मला वाटत नाही. पुढे मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजमधल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं चिकाटीने नमुने तपासले आणि किनाऱ्यालगत हा आजार किती आहे ते दाखवलं. शोधलं तिथे सापडला.

तो मातीत राहतो. पावसाळ्यात पाणी वर आलं की वर येतो. पायाच्या भेगेतून, खरचटलेल्या बोटातून, कधी श्वासातून आत जातो. धडधाकट माणसात बहुतेक वेळा काही करत नाही. साखर वाढलेल्या माणसात त्याला रान मोकळं मिळतं. आपल्याकडे चिखलणीला उतरणाऱ्यांत मधुमेही किती आहेत, हे वाडीवस्तीवर फिरलेल्या कुणालाही विचारावं. पूर्वी साखरेचा आजार शहरातला, बसून खाणाऱ्यांचा, असं आम्हाला शिकवलं होतं. तात्यांच्या पायाचे तळवे मी त्या दिवशी पाहिले. भेगांमध्ये नखाएवढी माती बसलेली होती.

नाव मिळालं, तसं औषध बदललं. सेफ्टाझिडिम, शिरेतून, दर आठ तासांनी. पण ताप उतरेना. चौथा दिवस, पाचवा, सहावा. रोज संध्याकाळी पाच वाजता हुडहुडी भरायची. हा ताप योग्य औषधावरही आठ-नऊ दिवस रेंगाळतो, हे मी वाचलेलं होतं, पण वाचलेलं आणि कॉटेजवळ उभं राहिलेलं यांत फरक असतो. वहिनी रोज माझ्या तोंडाकडे पाहायच्या. त्यांचा थोरला मुलगा गोव्यात कामाला होता, तो म्हणाला, "बाई, बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात नेऊ का?" मी म्हणाले, "नेलंत तर मी अडवणार नाही, सगळे कागद देईन. पण औषध हेच असेल." तो रात्रभर वऱ्हांड्यात फेऱ्या मारत होता. सकाळी म्हणाला, "ऱ्हवू दे."

त्या सहा दिवसांत मी दोनदा पाणथरी काढायच्या विचारापर्यंत गेले. खोटं का बोलू? सातव्या दिवशी नळीतून येणारा पू अचानक बंद झाला आणि ताप चढला, तेव्हा तर भूलतज्ज्ञांना फोन लावायला हात गेला. आधी सोनोग्राफी केली. नळी तुंबली होती. दहा मिली सलाइनने हलक्या हाताने धुतली, तशी गाठ सुटली आणि पिशवीत पुन्हा धार आली. दिवसातून तीनदा नळी धुवायचं काम मग आमच्या एका सिस्टरांनी अंगावर घेतलं. त्या नोंदवहीत मिली लिहायच्या: ६०, ४५, ४०, ३०, २५. दहाव्या दिवशी संध्याकाळचे पाच वाजले, साडेपाच झाले, आणि तात्यांनी चादर अंगावर घेतली नाही. वहिनींनी त्यांच्या कपाळाला हात लावला, मग स्वतःच्या, मग पुन्हा त्यांच्या.

खरा कठीण भाग त्यानंतरचा होता. ताप गेला की माणूस बरा झाला, हे घरच्यांनाच नव्हे, डॉक्टरलाही वाटतं. आत खोलवर गळवं असतील तर शिरेतलं औषध चार आठवडे द्यायचं, आणि ते दिवस शेवटचा पू काढला तिथून मोजायचे. तात्यांना हा हिशेब मान्य नव्हता. "माका घराक जावचा आसा," रोज सकाळी राउंडला हेच. लावणी राहिली होती, तरवा पिवळा पडत चालला होता. शेजाऱ्यांनी चार दिवसांत त्यांची लावणी आटोपून दिली, तेव्हा कुठे ते गप्प झाले. पण मग शेजाऱ्यांच्या उपकाराने अस्वस्थ. इन्शुलिनची सुई वहिनींनी शिकून घेतली. पहिल्यांदा टोचताना त्यांनी डोळे मिटले होते, मी म्हटलं, "वहिनी, डोळे उघडे ठेवून टोचा."

तेविसाव्या दिवशी नळी काढली. शिरेतलं औषध पुरं झाल्यावर घरी जाताना पुढच्या गोळ्या दिल्या, कोट्रायमॉक्साझोल. स्वस्त, जुनी, कुठल्याही दुकानात मिळणारी गोळी. पण कमीत कमी तीन महिने, वजनावर ठरवलेल्या मोठ्या मात्रेत, सोबत फॉलिक ॲसिड. अंगावर पुरळ आलं तर लगेच यायचं, दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं, कारण ती पोटॅशियम वाढवते आणि रक्तपेशी कमी करते. हे सगळं मी मराठीत, मोठ्या अक्षरात, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिलं. १९९८ सालच्या मुलाला मी सात दिवसांचं औषध देऊन घरी धाडलं होतं, ते मी त्या दिवशी तात्यांच्या मुलाला सांगितलं. का सांगितलं, कुणास ठाऊक. तो म्हणाला, "मी रोज फोन करून विचारीन त्यांना." आणि त्याने तसं केलं.

पाणथरी काढावी लागतच नाही असं नाही. त्याच वर्षी दिवाळीनंतर एका बाईंची काढावी लागली. पाणथरी फुटून पू पोटात पसरला होता. तिथे नळीचा हट्ट धरला असता तर त्या गेल्या असत्या. त्यांच्या पुवात टायफॉइडच्या कुळातला जंतू निघाला. त्यांना मी पंधराव्या दिवशी बोलावून न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब या तीन लसी दिल्या आणि एक कार्ड करून दिलं: 'माझी प्लीहा काढलेली आहे. ताप आल्यास थांबू नये.' त्या ते मंगळसूत्राच्या पोवळ्यासारखं जपतात; पदराच्या गाठीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. बाहेरगावी कुणाही डॉक्टरपुढे बसल्या की आधी ते कार्ड काढतात.

आमच्याकडे शिकायला येणारी तरुण मुलं हुशार आहेत. सीटी माझ्यापेक्षा चांगला वाचतात. तरी गळू उघडलं की पहिली धार ताटलीत जाऊ देतात. मी हात धरते. "बाटली," एवढंच म्हणते. एकदा एकाने विचारलं, मॅडम, अँटिबायोटिक तर आपण सगळ्याला पुरेल असं भारी देतोच की. मी त्याला त्या दुपारी जेवायला थांबवलं आणि चिरेखाणीवरल्या मुलाची गोष्ट सांगितली. डब्यापर्यंत आले तेव्हा त्याचं जेवण थांबलं. त्या मुलाचा रिपोर्ट मी पुढे शोधला होता. कागद सापडला, मेणातली वडी मात्र केव्हाच टाकून दिली होती.

तात्या तीन महिन्यांच्या गोळ्या पुऱ्या करून नोव्हेंबरात आले. भात झोडून झालं होतं; पाच किलो वजन वाढलं होतं, हाताच्या शिरांवरचे सुयांचे डाग गेले होते. सोनोग्राफीला निजले. माझ्या सहकाऱ्यांनी पडदा यावेळी माझ्याकडे नाही, तात्यांकडे वळवला. वरच्या टोकाला एक पांढरी रेघ, पुसलेल्या पाटीवर खडू राहावा तशी. मधाच्या पोळ्यातली छिद्रं बुजलेली.

"ही माझी पाणथरी?"

"तुमचीच."

ते बराच वेळ पाहत राहिले. मग उठून सदरा घातला, बटणं लावली. मी गमबुटांचं विचारलं. पुढच्या चिखलणीला घालायचे, पायाच्या भेगा भरून घ्यायच्या, साखर दीडशेच्या आत ठेवायची, हे माझं पुन्हा सुरू झालं.

"गमबूट घेतलंय," ते म्हणाले. "पण चिखलात पाय अडाकतत. तळव्याक माती लागल्याशिवाय तरवो सरळ लागणा नाय, डॉक्टरांनू."

वहिनी म्हणाल्या, "घालतले. मी आसंय मा बांधार."

पिशवीतून त्यांनी वाडग्याएवढी उकड्या तांदळाची पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली. दीडची एसटी होती. दोघं घाईने निघाले.